‘कॅलस’ म्हणू नका, कलम सांगा



नांदेड-लातूरच्या वस्त्यांत काम करताना आम्ही बघतो, शिकलेली पोरं हल्ली निवेदनात एक इंग्रजी शब्द हमखास घालतात : ‘कॅलस’. पोलिसांनी फिर्याद घेतली नाही, तर प्रशासन कॅलस. मराठीत तोच ‘असंवेदनशील’ होऊन येतो. या सवयीवर आमचा आक्षेप आहे.

शब्दाचं मूळ लॅटिन. अर्थ निबर झालेली कातडी, म्हणजे आपला घट्टा. ऊसतोड मजुराच्या हाताला कोयत्यानं पडतो तोच. तिथं टोचलेलं कळत नाही. तसं ज्याला दुसऱ्याचं दुःख टोचत नाही, तो कॅलस. शब्द नेमका आहे. पण तो स्वभाव सांगतो, गुन्हा सांगत नाही. घट्टा कुणी मुद्दाम पाडून घेत नाही. म्हणून हा शब्द वापरला की अधिकाऱ्याला पळवाट मिळते : रोजचंच झालंय, मन निबर झालं, काय करणार!

नांदेडचंच बघा. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचं उघड झालं. त्यात १२ नवजात बाळं होती. लोकांचा संताप रास्तच होता. पण तेव्हाचे हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि त्यांनी आदिवासी समाजातल्या डीनना कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावलं. याला ‘असंवेदनशील वर्तन’ म्हणून विषय मिटवता आला असता. डीननी तक्रार दिली आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा नोंदला गेला. विशेषण वापरलं असतं तर फार तर दिलगिरी मिळाली असती. कलम लावलं म्हणून पोलिसांना तपास करावा लागला.

१९८९ च्या या कायद्याचं कलम ४ प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवं. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करत असेल, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. २०१५ च्या दुरुस्तीनं ही कर्तव्यंही मोजून सांगितली : तोंडी फिर्याद लिहून ती वाचून दाखवणं, योग्य कलमांखाली गुन्हा नोंदवणं, फिर्यादीला लगेच प्रत देणं. अधिकाऱ्याचं मन मऊ की निबर, हे कायदा विचारत नाही. काम केलं का, एवढंच विचारतो.

कुणी म्हणेल, संवेदनशील अधिकारी नकोत का? हवेत, जरूर हवेत. पण आमचा हक्क कुणाच्या काळजाच्या मऊपणावर टांगलेला नाही. दयेवर जगायचं असतं, तर बाबासाहेबांनी संविधानात हक्क कशाला लिहिले असते?

म्हणून पुढचं निवेदन लिहाल तेव्हा ‘कॅलस’ खोडा. त्या जागी लिहा : कोणत्या अधिकाऱ्यानं, कोणत्या तारखेला, कोणतं काम केलं नाही आणि त्याला कोणतं कलम लागतं. घट्टे आमच्या बापजाद्यांच्या हाताला आहेत, ते कष्टाचे आहेत. तो शब्द खुर्चीवाल्यांना सवलत म्हणून देऊ नका.

जय भीम!