कबूल एकदाच म्हणायचं असतं



रमजान ईद झाली की घराघरांत निकाहच्या तारखा धरल्या जातात. हॉल, जेवण, कपडे यांच्या जोडीला आता फोटोग्राफरही आधीच ठरतो. त्याच्याशी बोलणं मात्र पैशांचंच होतं: किती फोटो, किती पानांचा अल्बम, आगाऊ किती. आम्हीही तेवढंच बोललो आणि चुकलो.

गेल्या वर्षी मिरजेत माझ्या मोठ्या भाचीचा निकाह झाला. बायकांच्या खोलीत तिचे मामू वकील म्हणून आले, सोबत दोन गवाह. मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि मेहरची रक्कम सांगून मामूंनी विचारलं, "बेटा, तुझी इजाजत आहे?" पोरीनं खाली मान घालूनच "हो" म्हटलं. डोळे भरून आले होते. तेवढ्यात स्टुलावर चढलेला फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, परत एकदा म्हणा, इकडे बघून."

दोघी-तिघी हसल्या. पोर दचकली. मामू शांतपणे म्हणाले, "तिनं सांगितलं. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं."

अल्बम आला तेव्हा त्या क्षणाचा फोटो होता, पण त्यात दिसत होता तो फक्त तिचा बावरलेला चेहरा. निकाहनंतर नवरीच्या गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा सासरच्या थोरल्या बाईनं बांधायचा, ही आमच्या घरची रीत. मुलाच्या दादीला नीट दिसत नाही. तिनं बोटांनी चाचपून गाठ मारली. त्याचा एकही फोटो नाही, कारण फोटोग्राफर तेव्हा बाहेर सजवलेल्या गाडीचं शूटिंग करत होता.

दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणावा? वकील कोण, इजाजत म्हणजे काय, लच्छा कधी बांधतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून यंदा धाकटीच्या निकाहआधी आम्ही वेगळं केलं. बायकांच्या बाजूला फोटोग्राफर मुलगीच बोलावली. आठ दिवस आधी तिला घरी चहाला बोलावून दिवसाचा क्रम लिहून दिला. हळद, मेहंदी, इजाजत, खुतबा, इजाब-कबूल, दुआ, खजूर वाटणं, निकाहनाम्यावरच्या सह्या, लच्छा, आरसी मुसहफ, रुखसती. दुसऱ्या दिवशी वलीमा. प्रत्येकापुढे खोली आणि अंदाजे वेळ लिहिली. नात्यातल्या कुणाला सोडायचं नाही, तेही सांगितलं. त्या दिवशी चेहरे ओळखून द्यायला एक चुलतबहीण तिच्याबरोबर ठेवली.

काय करायचं नाही, हेही ठरवलं. इजाजतीच्या वेळी दारापासूनच, लांबच्या लेन्सनं फोटो. फ्लॅश नाही. कुणालाही काही परत करायला सांगायचं नाही. मशिदीत तिचा भाऊ फोटो काढणार होता. त्याच्यासाठी विश्वस्तांची परवानगी आधीच घेतली. खुतबा आणि दुआ चालू असताना त्यानं मागेच थांबायचं, असं ठरलं.

पडदा पाळणाऱ्या फुफी आणि दोन शेजारणी यांची नावंही दिली. त्यांचे फोटो काढायचेच नाहीत. छायाचित्रांबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. आपलं मत काहीही असो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपला हक्क नाही. घरच्या परवानगीशिवाय एकही फोटो जाहिरातीला वापरायचा नाही, हे पावतीवरच लिहून घेतलं. घरातल्या मुलांनाही बजावलं की स्टेटसवर टाकण्याआधी विचारायचं. निकाहनाम्याचा फोटो तर टाकूच नका. त्यात पत्ता, मेहरची रक्कम, सगळं असतं.

अल्बम आल्यावर फोटो दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा आणि निवडक पन्नास तरी छापून घ्या. मोबाइल बिघडला की सगळंच जातं.

या वेळचा एक फोटो सांगते. दारातून घेतलाय. धाकटीचा चेहरा ओढणीआड आहे, मामूंची फक्त पाठ दिसते. पण पोरीनं एका हातानं नानीचं मनगट घट्ट धरलंय, आणि नानीचा दुसरा हात तिच्या हातावर आहे. आम्ही सगळ्या त्याच खोलीत होतो, तरी त्या घाईत हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मोठीनं तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "खाला, माझ्या वेळीही नानीनं असाच हात धरला होता."

तुमच्या घरी लग्न ठरलं असेल तर अर्धा तास काढा आणि फोटोग्राफरला चहाला बोलवा. अल्लाह सगळ्या नव्या जोडप्यांच्या संसारात बरकत देवो. आमीन.