दोन कार्डांची जोडी

कळफलक : आगरवासी

दोन स्वस्तातली ग्राफिक कार्डं एकाच मशीनमध्ये बसवली तर एका महागड्या कार्डाचं काम भागेल का? सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न या सदराकडे हमखास येतो. विचारणारी मुलं बहुतेक बारावी झालेली किंवा डिप्लोमाला असलेली असतात. घरून ठरावीक रक्कम मिळालेली असते आणि डोळ्यांसमोर जीटीए असतं. त्यात जुन्या बाजारात मायनिंगवर राबलेली आरएक्स ५८० सारखी कार्डं चक्क जोडीनं विकायला असतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली, ग्राफिक कार्डांवर ते नाणं काढण्याचा धंदा एका दिवसात बसला आणि जगभरची कपाटं रिकामी होऊन माल बाजारात आला. ‘दोन घेतली तर कमी करून देतो,’ असं विकणारा म्हणाला, की पोरगं रात्रभर हिशेब मांडत बसतं.

खेळायचं असेल तर घेऊ नका, हे माझं उत्तर. पण या कल्पनेला मी वेडगळ म्हणणार नाही. निदान मराठी माणसानं तरी म्हणू नये. अमेरिकेनं हवा तो क्रे संगणक द्यायला नकार दिला, तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर शेजारी शेजारी जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक करून दाखवला. एक राक्षस मिळत नाही ना, मग पुष्कळ माणसं कामाला लावा, असा तो सरळ विचार होता. हवामानाचं गणित आजही त्याच वाटेनं चालतं. पुण्यातच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्यूष’ होता, २०२४ मध्ये ‘अर्क’ आला. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक प्रोसेसरला त्याचा वाटा द्यायचा आणि शेजाऱ्याशी फक्त कडेचे आकडे बोलायचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा त्याची वर्दी आधी मिळाली होती, ती अशा वाटून केलेल्या आकडेमोडीच्या जोरावर.

मग खेळातच काय अडतं? अडतं ते वाटणीत. सुरुवातीला तीही सोपी होती. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या दोन व्हूडू-२ कार्डांनी पडद्याच्या आडव्या ओळी आपसांत वाटून घेतल्या: एक ओळ तुझी, एक माझी. पुढे ती कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियानं घेतली आणि २००४ मध्ये त्या जोडीचंच एसएलआय हे नाव पुन्हा बाजारात आणलं. वर्षभरात एटीआयनं (जी पुढे एएमडीत गेली) क्रॉसफायर काढलं. आता ओळींऐवजी अख्खी चित्रंच वाटली जाऊ लागली. पहिली, तिसरी, पाचवी फ्रेम या कार्डाची. दुसरी, चौथी, सहावी त्या कार्डाची. ही पद्धत चालते, पण एका अटीवर: प्रत्येक फ्रेम स्वतंत्र हवी. नव्या खेळांनी ती अटच मोडली. कडा गुळगुळीत करायच्या, कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवायचं, सावल्या स्थिर ठेवायच्या, तर आजचा खेळ मागच्या फ्रेमकडे वळून बघतो. ती मागची फ्रेम दुसऱ्याच कार्डाच्या मेमरीत असते. ती इकडे आणेपर्यंत वाचवलेला वेळ खर्ची पडतो.

यातली दुसरी खोड आकड्यांत लपते. साठ एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक चित्र. दोन कार्डांच्या जोडीत एक चित्र ५ मिलिसेकंदांत येई आणि पुढचं २८ मध्ये. सरासरी काढली तर साठच भरते, कोपऱ्यातला आकडाही साठ दाखवतो. डोळ्याला मात्र खेळ अडखळतच दिसतो. त्या काळी लोकांनी या आकड्यावर भरवसा ठेवून चिक्कार पैसे घातले. शिवाय एएमडीकडे थोडी वेगळी कार्डंही जोडता येत, पण आपल्या पुळणीवरच्या शर्यतीत एक बैल पळका आणि दुसरा रेंगाळणारा जुंपला तर गाडी कुणाच्या चालीनं जाते, ते सांगायला नको.

मेमरीबद्दलचा गैरसमज तर अजून जिवंत आहे. चार जीबीची दोन कार्डं म्हणजे आठ जीबी नव्हे. दोन्ही कार्डांना तोच देखावा रंगवायचा असतो, म्हणून तीच भिंत, तोच रस्ता, तीच गाडी दोघांच्याही मेमरीत भरावी लागते. हाती उरतात चारच. आज मोठे खेळ आठ जीबीलाही नाक मुरडतात.

कंपन्यांनी २०१६ पर्यंत ओढून नेलं. त्या वर्षी तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये एएमडीनं पाचशे डॉलरच्या आतली दोन आरएक्स ४८० कार्डं एका जीटीएक्स १०८० समोर उभी केली आणि सरशी दाखवली, तीही ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या एकाच खेळात. दोन कार्डांची मनापासून सोय केलेले खेळच बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स १०६० आणलं, त्यावर एसएलआयची सोयच ठेवली नाही. सामान्य माणसाच्या खिशातल्या कार्डाचा दरवाजा असा बंद झाला. ही गोष्ट मला आजही खटकते, कारण जोडी लावायची गरज त्यालाच होती. डायरेक्टएक्स १२ नं तर सगळी जबाबदारी खेळ बनवणाऱ्यांवर टाकली. दोन कार्डांचे ग्राहक इतके थोडे असताना कोण एवढा उपद्व्याप करणार? १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं एसएलआयची नवी प्रोफाइल देणंही थांबवलं.

आता आपल्या किनाऱ्याचं बोलू. आरएक्स ५८० चा वीजवापर १८५ वॉट. दोन म्हणजे ३७०. प्रोसेसर, बोर्ड, पंखे मिळून पाचशेच्या घरात जातं. आपल्याकडे टेबलाखाली जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॉट देतो. म्हणजे खेळ ऐन रंगात असताना लाईट गेली, की यूपीएस एक शिट्टी मारून मान टाकणार. आणि मुरुड-श्रीवर्धनच्या बाजूला जून ते सप्टेंबर लाईट किती वेळा जाते हे मी कुणाला सांगावं! रोज चार तास खेळलात तर दुसरं कार्ड महिन्याला वीस-बावीस युनिटं जास्तीची खातं; ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या आतबाहेर खेळतं त्यांची दराची पायरी तेवढ्यानं बदलते.

उष्म्याचंही तसंच. खालचं कार्ड गरम हवा सोडतं, ती वरचं कार्ड ओढून घेतं. एसी नसलेल्या खोलीत, मे महिन्याच्या घामट हवेत, दोघांचे पंखे पूर्ण वेगात फिरणार आणि खारी हवा दुप्पट आत खेचणार. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांच्या कॅबिनेटचे स्क्रू कसे दिसतात ते एकदा उघडून पाहा. मायनिंगच्या कार्डाची वॉरंटी बहुधा संपलेलीच असते. ते पावसाळ्यात बिघडलं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा, आणि गेटवेची लाँच तेव्हा बंद असते.

म्हणून खेळणाऱ्याला माझा साधा हिशेब: दोन कार्डांची रक्कम एकत्र करा, त्यातून किमान आठ जीबीचं एकच नवं कार्ड घ्या. उरलेले पैसे बऱ्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, आणि यूपीएसमध्ये घाला. आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड ११५ वॉटमध्ये भागवतं, एकट्या ५८० पेक्षाही कमी. एसएमपीएसवर काटकसर करून कार्डावर उधळणारी मुलं पाहिली की मला राग येतो. पडद्यावर दिसत नाही म्हणून त्या डब्याकडे कुणी बघत नाही.

जोडी शोभते ती काम वाटता येतं तिथे. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली किंवा पनवेलला अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं ब्लेंडर वापरत असतील, तर त्यातलं सायकल्स दोन कार्डांना बिनतक्रार कामाला लावतं; एसएलआय लागत नाही, कार्डं वेगवेगळी असली तरी चालतं. घरच्या मशीनवर भाषेची मॉडेल चालवून बघणाऱ्यांचा तर फायदाच. तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागतात, त्यामुळे बारा जीबीची दोन आरटीएक्स ३०६० खरोखर चोवीस जीबी म्हणून वापरता येतात. परमच्या घराण्याचं काम ते हेच.

राहिला प्रश्न घरात धूळ खात पडलेल्या जुन्या कार्डाचा. स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं अ‍ॅप काहीशे रुपयांत मिळतं. त्यात मुख्य कार्ड खेळ रंगवतं आणि दुसरं कार्ड दोन फ्रेमच्या मधली फ्रेम कल्पनेनं भरतं. मॉनिटरची केबल या दुसऱ्या कार्डाला लावायची. जीटीएक्स १०५० टीआयसारखं ७५ वॉटचं कार्ड असेल तर यूपीएसही फारसा कुरकुरत नाही. मात्र ही भरलेली फ्रेम तुमच्या माउसचं ऐकत नाही, उलट थोडा उशीरच वाढवते. गोष्ट सांगणाऱ्या निवांत खेळांना ठीक, व्हॅलोरंटला नाही. आणि मुळात पन्नासेक एफपीएस मिळत नसतील तर कडा फाटलेल्या दिसतात. अ‍ॅप घेण्याआधी कॅबिनेट उघडा आणि बोर्डावर दुसरा लांब स्लॉट आहे का ते पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर तो नसतोच. असला तर बोर्डाच्या पुस्तिकेत त्याचा वेग वाचा. पीसीआय एक्स्प्रेस ३.० आणि चार लेन एवढं लिहिलेलं असेल तर कार्ड लावून बघायला हरकत नाही. त्याहून कमी असेल तर ते धाकट्या भावंडाच्या मशीनला द्या.