पुजारणीचं घर

मैत्रिणींनो, राजवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सिंहासन, झुंबरं, हत्ती-घोडे. आज मात्र मी तुम्हाला एका वाड्यात मागच्या दारानं नेणार आहे, थेट स्वयंपाकघरात. आणि हे स्वयंपाकघर जवळजवळ चार हजार वर्षांचं आहे, बरं का!

इराकच्या दक्षिणेला, नासिरिया शहराजवळ, ऊर या अतिप्राचीन नगराचे अवशेष आहेत. १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षं लिओनार्ड वूली या इंग्रज संशोधकानं तिथं उत्खनन केलं. चंद्रदेव नन्ना हा त्या नगराचा स्वामी. त्याच्या उंच पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिराशेजारी मातीच्या ढिगाऱ्याखाली एक अवाढव्य वास्तू निघाली. तिची एकेक बाजू पाऊणशे मीटरच्या वर! नाव 'गिपारू'. इथं चंद्रदेवाची मुख्य पुजारीण राहायची. निंगल ही चंद्राची देवी. तिचं देऊळही याच भिंतींच्या आत. म्हणजे घर, देवघर, अंगणं, कोठारं, सगळं एका चौकोनात.

स्वयंपाकघर देवळाच्या बाजूला होतं. तिथं विहीर सापडली आणि तिच्याजवळ डांबरानं लिंपलेला पाण्याचा हौद. पाणी तापवायच्या चुली, मांस कापायचा विटांचा ओटा, वरून सपाट अशी मोठी चूल आणि आतल्या खोलीत रोट्या भाजायची घुमटाकार भट्टी. कापायचा ओटासुद्धा डांबरानं लिंपलेला. म्हणजे काम झालं की पाणी ओतून स्वच्छ! हे सगळं इतकं जागच्या जागी होतं की वूलीसाहेबांना वाटलं, आत्ता विस्तव घातला तर हे स्वयंपाकघर पुन्हा सुरू होईल. विहिरीपासून हौद, हौदापासून चूल, चुलीपासून भट्टी ही मांडणी वाचताना माझ्या मनात आलं, ज्यानं कुणी ती आखली त्यानं रांधणाऱ्या माणसाला नक्की विचारलं असणार. आपल्याकडे ब्लॉकचे नकाशे काढणारे अजून विचारत नाहीत!

आता या घरच्या मालकिणीकडे वळू. मालकीण म्हणायचं की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

चंद्रदेवाची पुजारीण म्हणजे त्याची मानवी पत्नीच. हा मान बहुधा राजाच्या मुलीला किंवा बहिणीला मिळे. तिची निवड शकुन पाहून होत असे, आणि हा प्रसंग इतका मोठा की काही वेळा त्या अख्ख्या वर्षालाच 'पुजारीण निवडली ते वर्ष' असं नाव पडे. मुलीला काय वाटत होतं, हे मात्र शकुनात कोणी पाहत नसे.

यातली सगळ्यांत प्रसिद्ध एनहेदुआना. अक्कडचा सम्राट सारगॉन याची लेक, आजपासून सुमारे ४३०० वर्षांपूर्वीची. गिपारूच्या अवशेषांत एक दगडी चकती तुकड्या-तुकड्यांनी सापडली. ती जोडल्यावर दिसलं, की झालरीवर झालर असलेला लांब झगा घातलेली एक बाई पूजेला उभी आहे. मागच्या बाजूला तिचं नाव, 'नन्नाची पत्नी, सारगॉनची कन्या' ही ओळख, आणि तिनं चौथरा बांधल्याची नोंद. ही चकती आता अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. मला याहून गंमत वाटली ती ऊरमध्येच सापडलेल्या तिच्या नोकरांच्या मुद्रांची. एक कारभाऱ्याची, एक लेखनिकाची आणि एक चक्क तिचा केशशृंगार करणाऱ्याची! राजांच्या नावांची भेंडोळी आपण शाळेत पाठ केली, पण सुमारे त्रेचाळीस शतकांपूर्वी एका बाईची वेणीफणी कोण करत होतं, तेही नावानिशी ठाऊक आहे, हे कुणी सांगितलंच नाही.

एनहेदुआना कवयित्री होती. नावानं माहीत असलेली जगातली पहिली लेखक, असं तिला म्हणतात. इनान्ना देवीला उद्देशून तिच्या नावावर जे दीर्घ स्तोत्र आहे त्यात तिनं आपलं गाऱ्हाणं मांडलंय. लुगलआने नावाच्या बंडखोरानं तिला या पदावरून, या देवळातून हाकलून लावलं, डोक्यावरचा मुकुट काढून घेतला. सम्राटाची मुलगी, देवाची पत्नी, आणि तरीही एका दिवसात उंबऱ्याबाहेर! स्तोत्राच्या शेवटी देवी तिचं ऐकते. या स्तोत्राच्या आपल्याला मिळालेल्या प्रती तिच्यानंतर काही शतकांनी, लेखनिक होऊ पाहणाऱ्या मुलांनी लिहिलेल्या आहेत. म्हणून काही पंडित म्हणतात की तिच्या नावावर दुसऱ्याच कोणी हे रचलं असेल. असेलही. पण इतक्या पिढ्यांनंतर मुलांना गिरवायला दिलं ते एका बाईच्या नावाचं, हे तर खोटं नाही ना?

तिच्याहून मला जास्त जवळची वाटते ती एनानातुमा. ही इसिनच्या राजाची लेक. ऊर हे नगर शत्रूनं, म्हणजे लार्साच्या गुंगुनुम राजानं, ताब्यात घेतलं तेव्हा ती गिपारूतच होती. माहेरचं राज्य गेलं, पण ती पदावर राहिली. नव्या राजाच्या दीर्घायुष्यासाठी तिनं देऊळ बांधलं. कोणी म्हणेल लाचारी! मला नाही तसं वाटत. देवघर चालू ठेवायचं होतं, चुली पेटत्या ठेवायच्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या घराची माणसं तिच्यावर अवलंबून होती. तिनं गिपारूची पुनर्बांधणी केली. तिची काळ्या दगडातली छोटी बसलेली मूर्तीही त्याच वास्तूत मिळाली.

पुढे इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या आसपास एनानेदू आली, लार्साच्या रिमसिन राजाची बहीण. या घराच्या परिसरातच आधीच्या पुजारणींना पुरलेलं होतं. त्या जागेची भिंत ढासळली होती, कोणी लक्ष देत नव्हतं. एनानेदूनं ती जागा साफ करून भोवती भक्कम भिंत घातली आणि हे काम आपण केलं असं स्वतःच्या नावानं लिहून ठेवलं. त्या बायका तिच्या आई-आजी नव्हत्या. प्रत्येकीचं माहेर वेगळं, राजघराणंही वेगळं. नातं एवढंच, की त्या आधी याच घरात राहून गेल्या होत्या.

एनानेदूचा हा लेख बाराशे वर्षांनी पुन्हा एका राजाच्या हाती लागला. बाबिलोनच्या नबोनिदस राजाला चंद्रग्रहणात असा संकेत दिसला की चंद्रदेवाला पुजारीण हवी आहे. ही प्रथा तोवर लोक विसरूनही गेले होते. त्यानं जुने लेख शोधले, एका जुन्या शिळेवर पुजारणीची आकृती, तिची वस्त्रं, दागिने पाहिले, आणि ढासळलेलं गिपारू दुरुस्त करून आपल्या मुलीला, एनिगल्दी-नन्नाला, तिथं बसवलं. एनानेदूनं घातलेल्या त्या भिंतीजवळची पुजारणींची स्मशानभूमीही त्यानं पुन्हा बांधून काढली.

या शेवटच्या पुजारणीच्या वास्तूत वूलीसाहेबांना एक खोली सापडली. जमिनीवर वेगवेगळ्या शतकांच्या वस्तू एकत्र: एका प्राचीन राजाच्या पुतळ्याचा तुकडा, हद्द दाखवणारा कोरीव दगड, आणि मातीचं एक लहान नळकांडं. नळकांड्यावर एका जुन्या विटेवरच्या लेखाची नक्कल होती, आणि ती कोणी, कशासाठी उतरवून घेतली हेही लिहिलेलं होतं. वूलींनी याला संग्रहालय ठरवलं. आज काही अभ्यासक तेवढी खात्री देत नाहीत. जवळच मुलांनी गिरवलेल्या मातीच्या पाट्याही निघाल्या. दिवसा पाट्या तपासणारी मी त्यांचं वर्णन वाचताना जरा जास्तच रेंगाळले, हे तुम्ही समजून घ्यालच.