नळ मोजले, पाणी कोण मोजणार?

2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या चाळीस गावांचा विषय उकरून काढला आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. तो संताप स्वाभाविकच होता. परंतु ज्या ठरावांचा आधार बोम्मई घेत होते, ते 2012 च्या दुष्काळात जतच्याच ग्रामपंचायतींनी केलेले होते, ही वस्तुस्थिती त्या गदारोळात अनेकांना गैरसोयीची वाटली. त्या ठरावांत भाषिक अस्मितेपेक्षा कोरड्या विहिरींचा त्रागा अधिक होता. यथावकाश विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांची घोषणा झाली आणि विषय मिटला असे गृहीत धरले गेले. रक्कम जाहीर होणे म्हणजेच काम होणे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे.

सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे सधन जिल्हे, अशी बाहेरच्यांची कल्पना असते. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पट्टा पिढ्यानपिढ्या टँकरची वाट पाहत आला. साहजिकच पाण्याच्या आणि गावसुधाराच्या जवळजवळ प्रत्येक योजनेची परीक्षा याच भूमीवर झाली. परीक्षा झाली खरी. पण तिचे गुणपत्रक कोणी मागितले काय?

एकदा ते मागितले गेले होते. ज्यांच्याविषयी स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात रास्त संशय असतो, त्या जागतिक बँकेच्या प्रकल्पातच ते घडले, हे विशेष. 2003 साली बँकेच्या सुमारे 18 कोटी डॉलरच्या कर्जातून महाराष्ट्रात 'जलस्वराज्य' प्रकल्प सुरू झाला. गावाने ग्रामसभेत मागणी करायची, भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा (आदिवासी गावांत पाच टक्के) स्वतः उचलायचा, पाणीपुरवठा समितीने काम करून घ्यायचे आणि पुढील देखभालही गावानेच सांभाळायची, अशी त्याची रचना होती. खर्चाचा हिशेब तपासण्यासाठी गावातच सामाजिक लेखापरीक्षण समिती होती. पैसा परका असला तरी ही रचना ग्रामस्वराज्याच्या कल्पनेला जवळची होती, हे मान्य करावयास हरकत नाही.

या प्रकल्पाचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकांनी सांगली, नाशिक, बुलढाणा व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे चार जिल्हे निवडले. सुमारे अडीचशे गावांतील दहा हजारांच्या आसपास कुटुंबांकडे ते 2005 साली उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गेले, नंतर 2007 साली पुन्हा गेले. महत्त्वाची गोष्ट अशी की ते केवळ योजना मिळालेल्या गावांत गेले नाहीत. तशाच परिस्थितीतील, परंतु योजना न मिळालेली गावेही त्यांनी शोधली आणि दोहोंची तुलना केली. पुढाकार घेऊन मागणी करणारे गाव मुळातच जागे असते. त्याची प्रगती योजनेमुळे झाली की मूळच्या जागेपणामुळे, हे जोडीला दुसरे गाव ठेवल्याशिवाय कळत नाही.

निष्कर्ष संमिश्र निघाला. योजनेच्या गावांत नळ आणि शौचालये यांचा वापर वाढला. पाण्यापायी जाणारा वेळ व पैसा वाचला. डोक्यावर हंडा घेऊन उन्हातून चालणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या एका हेतूवर सारी भिस्त होती, तो मात्र साधलेला दिसेना. लहान मुलांचा अतिसार योजनेच्या गावांत घटला, तसा तो योजना नसलेल्या गावांतही घटला. फक्त योजनेची गावे पाहिली असती तर त्या यशाचे ढोल वाजले असते, जाहिराती झळकल्या असत्या. जोडीच्या गावांनी ते सारे थांबवले.

असे का झाले असावे? एक कारण सांगलीकरांच्या ओळखीचे आहे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. झाडू, खराटे आणि पाण्याच्या भांड्यात हात न बुडवता पाणी काढण्याचे ओगराळे गावोगाव पोहोचले. स्वच्छतेचे वारे योजनेच्या गावांपुरते थांबणारे नव्हते. दुसरे कारण घरातले. नळाचे पाणी शुद्ध असले तरी नळ ते माठ आणि माठ ते पेला या प्रवासात ते दूषित होते. पाइप टाकून हा प्रश्न सुटत नाही.

परक्या पैशाच्या प्रकल्पाला जी कसोटी लावली गेली, ती आपल्या स्वतःच्या योजनांना कितीदा लावली जाते? सातारा जिल्हा परिषदेने 2007 साली नवविवाहितांसाठी 'हनिमून पॅकेज' आणले. पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्यास पाच हजार, तीन वर्षे लांबवणाऱ्यास साडेसात हजार रुपये. वृत्तपत्रांना मथळे मिळाले. परंतु ज्या सुशिक्षित जोडप्याने तसेही मूल लांबवलेच असते, त्याच्या हाती पाच हजार ठेवून लोकसंख्येत कोणता फरक पडतो? लाभार्थींची संख्या हा या प्रश्नाला दिलेला प्रतिसाद असू शकेल, उत्तर नव्हे.

डिसेंबर 2014 मध्ये 'जलयुक्त शिवार' आले. 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचा त्याचा संकल्प होता आणि तो करणारे सरकार या पानांच्या वाचकांना जवळचे होते. म्हणूनच पुढचे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सुमारे 9 हजार 634 कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवणे व भूजलपातळी वाढवणे या उद्दिष्टांवर अभियानाचा परिणाम अल्प झाला, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालात ठेवला. तत्कालीन आघाडी सरकारने त्याचे चौकशीअस्त्र केले, समर्थकांनी त्याला राजकारण म्हटले आणि सत्तांतरानंतर अभियानाचा दुसरा टप्पा जाहीर झाला. या साऱ्यात बंधाऱ्यापाशी पाणी मुरले की नाही, कोणत्या गावात मुरले आणि कोणत्या खडकात मुरलेच नाही, ही चर्चा मागे पडली. पहिल्या दिवसापासून विहिरींची पातळी जोडगावांसह नोंदली असती, तर अहवालाचे खंडन किंवा स्वीकार दोन्ही पुराव्यानिशी करता आले असते.

लोकचळवळही याला अपवाद नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 2016 साली कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि 2018 साली माणमधील टाकेवाडी प्रथम आले. भर उन्हात श्रमदान करणाऱ्या त्या गावांपुढे मान लवलीच पाहिजे. मात्र स्पर्धा पावसाळ्यापूर्वीच संपत असे आणि गुण प्रामुख्याने झालेल्या कामाला मिळत. पाण्याचा निकाल त्यानंतरच्या चार-पाच उन्हाळ्यांनी द्यायचा असतो. तेव्हा बक्षीस समारंभ नसतो आणि छायाचित्रकारही नसतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत अहोरात्र राबलेल्या कार्यकर्त्यांच्या वृत्तांतातही वाटलेल्या संचांची संख्या असते. त्या घरी वर्षभराने कोण परतले, याचा रकाना नसतो. सेवेला मोजमाप लावणे काहींना अश्रद्धपणाचे वाटते. परंतु औषध लागू पडले का, हे विचारणाऱ्या वैद्याला कोणी अश्रद्ध म्हणत नाही.

15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दरडोई रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरले. जोडण्यांचे आकडे नियमित प्रसिद्ध होतात. जतच्या पूर्व भागातील एखाद्या वाडीत मे महिन्यात जाऊन चार गोष्टी विचारणे त्यामानाने सोपे आहे. नळाला आठवड्यातून किती वेळा पाणी येते? आले तर किती घागरी भरतात? ते भरायला शाळा बुडवून कोण थांबते? आणि शेजारच्या, जोडणी न मिळालेल्या वाडीत काय चालले आहे? त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज लागत नाही. एक वही आणि तालुक्यातले दोन कार्यकर्ते पुरतात, फक्त त्यांनी पुढच्या मे महिन्यात पुन्हा तिथेच गेले पाहिजे.