उसाची मालमोटार आणि चाकांतील हवा

थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ सालीं बंद पडल्यापासून लोणी काळभोर व आसपासच्या गांवांचा ऊस दूरच्या कारखान्यांकडे जाऊं लागला. लांबच्या वाटेस मोठी मालमोटार लागते, आणि सोलापूर रस्त्यावर ओझें घेऊन धांवण्यासाठीं तिच्या चाकांत चौरस इंचास शंभर पौंडांहून अधिक दाबाची हवा ठासलेली असते. तीच मोटार फडांत शिरते. चाकांतील हवेचा दाब जितका, सुमारें तितकाच भार चाकाखालच्या मातीच्या दर चौरस इंचावर पडतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

गेल्या हंगामांत अवकाळी पावसानंतर वापसा होण्यापूर्वींच आमच्या काळ्या रानांत एक मोटार घातली गेली. चाकोऱ्या पडल्या त्या पडल्याच; पुढें त्या पट्ट्यांत खोडवा खुजा राहिला. महसूल खात्यांत दुसऱ्यांच्या पिकांची आणेवारी लिहिण्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस ती आपल्याच बांधांवर उभे राहून मोजावी लागली.

हवा कमी करून गाडी आंत घाला, असें म्हटलें कीं ड्रायव्हर विचारतो, “अन् परत भरूं कुठं? पंक्चरवाला काय तुमच्या बांधावर बसलाय?” प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर त्याच्या गाडीखालींच टांगलेलें आहे. हवेच्या ब्रेकसाठीं इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्या भरीत असतो, व कित्येक गाड्यांत तेथूनच चाकें भरण्याची नळी जोडण्याची सोय असते. लांब नळी व दाबमापक, एवढाच काय तो खर्च. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या ‘डक’ नांवाच्या जलस्थलगामी मोटारीचा चालक तर जागेवर बसूनच चाकांतील हवा कमीजास्त करी.

मात्र ही हवा ब्रेकची आहे. गाडी उभी करून, चाकांस दगड लावून, इंजिन चालू ठेवूनच ती घ्यावी. टाकीचा दाब पूर्ववत् झाल्याखेरीज गाडी हलवूं नये. हवा उतरविलेल्या चाकांवर डांबरी रस्त्यानें धांवणें म्हणजे टायर तापवून फोडणें होय. उतरवितांनाहि टायर-कंपनीच्या कोष्टकांत त्या ओझ्यास व मंद वेगास जो दाब दिला असेल, त्याखालीं जाऊं नये. आणि रान ओलेंच असेल तर ही युक्तिही फारशी चालत नाहीं. मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणाव्या.

दहा चाकें भरण्यास वेळ जातो, खेप लांबते. तो वेळ ड्रायव्हरनें फुकट कां द्यावा? खुशाली म्हणून आपण त्यास पैसे मोजतोंच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यापुढें ते बांधावर चाकें पुन्हां भरून झाल्यावर, दाबमापक पाहूनच हातांत ठेवावे.