प्रतिमा रुग्णाची, कुलूप कोणाचे?

तालुक्याच्या गावी रात्री अपघाताचा रुग्ण येतो, डोक्याचा सीटी स्कॅन होतो, मेंदूत रक्तस्राव दिसतो आणि त्याला जिल्ह्याला हलवायचे ठरते. नातेवाइकांच्या हाती लिफाफ्यातली फिल्म आणि एक सीडी ठेवली जाते. जिल्ह्याच्या रुग्णालयात सीडी उघडत नाही. पुष्कळदा ती घालायला संगणकात खाचच नसते. मग निवासी डॉक्टर ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून मोबाइलवर फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर वरिष्ठांना पाठवतो आणि अखेर पुन्हा स्कॅन करण्याचे फर्मान सुटते. जखमी देहावर पुन्हा किरणोत्सर्ग, कर्जबाजारी नातेवाइकांच्या खिशाला पुन्हा कात्री, आणि ज्या घटकेला शस्त्रक्रिया सुरू व्हायची ती घटका कायमची गेलेली. याला कोणी दैव म्हणू नये. ही हेळसांड आहे.

सीटीच्या मूळ प्रतिमेत करड्या रंगाच्या चार हजारांहून अधिक छटा असतात. हाड पाहायचे तर तज्ज्ञ त्या एका रीतीने मांडतो, मेंदू पाहायचा तर दुसऱ्या. फिल्मवर ही सोय गोठते आणि मोबाइलच्या फोटोत जेमतेम २५६ छटा उरतात. सूक्ष्म रक्तस्राव याच गाळात हरवतो, आणि निदान चुकले की खापर मात्र डॉक्टरच्या माथी फुटते.

साधने नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. कोणत्याही कंपनीच्या यंत्राची प्रतिमा कोणत्याही संगणकावर उघडावी यासाठी डायकॉम हे मानक १९९३ पासून जगात रूढ आहे. आपल्याच केंद्र सरकारने २०१३ मध्ये आणि सुधारून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय नोंदींच्या मानकांत त्याचा पुरस्कार केला आहे. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठ रुग्णालयातून २०१२ मध्ये बाहेर पडलेली ऑर्थँक ही मुक्त प्रणाली परवाना शुल्काविना साध्या संगणकावर चालते. दिवसाला पन्नास एक्स-रे आणि प्रत्येकी १५ एमबी धरले, तर ४ टीबीची एक डिस्क भरायला चौदा वर्षे लागतात! मानक हाताशी, प्रणाली फुकट, साठवण स्वस्त, आणि तरीही ज्या राज्यात कोट्यवधींच्या यंत्रांच्या फिती कापताना छायाचित्रकारांची रीघ लागते, त्या राज्यात रुग्णाची प्रतिमा तीस मैलांवरच्या डॉक्टरपर्यंत धड पोहोचत नसेल, तर उणीव पैशाची नाही. उणीव लाजेची आहे.

आणि दांभिकपणा पाहा. सरकारी योजनेतून बिल मिळवायचे असते तेव्हा हीच रुग्णालये तोच स्कॅन तत्परतेने पोर्टलवर चढवतात. रुग्णाने मूळ फाइल मागितली की ‘सिस्टीममध्ये सोय नाही’! लहान रुग्णालयाने वार्षिक शुल्क भरून एखाद्या कंपनीची साठवण घ्यावी, तर करार संपताच जुन्या प्रतिमा बाहेर काढता येत नाहीत. दाखल रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता बजावते. ती वाचतो कोण?

स्वस्ताईच्या नावाखाली दारे सताड उघडी टाकणे हाही तितकाच मोठा गुन्हा. ग्रीनबोन या जर्मन कंपनीच्या पाहणीत भारतीय रुग्णांच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा इंटरनेटवर बिनापासवर्ड पडलेल्या आढळल्या. २०२० मध्ये ही बातमी देशभर गाजली, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. रुग्णाला त्याची प्रतिमा मिळत नाही, चोराला मात्र ती बसल्या जागी मिळते. ही व्यवस्था नव्हे, विश्वासघात आहे.

राज्य सरकारने आता प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मुक्त मानकांवर चालणारे सामाईक प्रतिमाकोठार उभारावे, दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, ग्रामीण रुग्णालये आणि गावातली छोटी एक्स-रे केंद्रे त्याला जोडून घ्यावीत, आणि करार संपल्यावर सर्व प्रतिमा मूळ रूपात परत देण्याची अट नसलेली एकही निविदा काढू नये. वैद्यक संघटनांनीही या मागणीसाठी उभे राहावे. त्यांच्याच सभासदांचे निदान पणाला लागले आहे. आणि वाचकहो, पुढच्या वेळी स्कॅन कराल तेव्हा फिल्म घेऊन मुकाट्याने घरी जाऊ नका. मूळ डायकॉम फाइल मागा. नाही म्हणाले, तर तो नकार लेखी मागा.