आवाज कमी, धोका तोच

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहणाऱ्या धाकट्या भावाकडे गेले होते. तेथे परसात ‘स्मोकर’ नावाची लोखंडी भट्टी असणे ही घराघरांतली रीत. तिच्या एका अंगाला लाकूड धुमसते आणि दुसऱ्या अंगाला मांस दहा-बारा तास मंद उष्णतेवर, धुरात शिजते. त्यासाठी लागणारे ओकचे ओंडके कापायला भावाने बॅटरीवर चालणारी साखळी-करवत आणली होती. “जपून रे,” असे मी म्हणताच तो हसून उत्तरला, “ताई, ही विजेची आहे. पेट्रोलवाली नव्हे. हिला काय घाबरायचं?”

त्याने ओंडका ढिगाऱ्यावरच ठेवून कापायला घेतला. करवतीच्या पट्टीचे टोक मागच्या लाकडाला टेकले आणि करवत उसळून त्याच्या कपाळाकडे आली. पुढची मूठ मनगटावर आदळली, ब्रेक लागला व साखळी थांबली. अंतर उरले होते वीतभर. चार पावलांवर माझी सहा वर्षांची भाची टोपलीत ढलप्या वेचत होती.

या उसळीचे कारण साधे आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की फिरती साखळी क्षणभर अडकते आणि तिचा सारा जोर पट्टीला वर-मागे फेकतो. इंजिन असो वा मोटर, हा नियम बदलत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार त्या देशात दरवर्षी सुमारे ३६,००० लोक साखळी-करवतीच्या जखमांसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत येतात.

विजेच्या करवतीचा धोका तिच्या शांतपणात आहे. पेट्रोलची करवत गर्जते, म्हणून मुले आपोआप दूर पळतात. ही मात्र बोट उचलताच गप्प होते आणि घरातल्या मिक्सरसारखी निरुपद्रवी भासते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मांडीवर बांधायच्या संरक्षक कवचातील तंतू साखळीत गुंतून पेट्रोलची करवत बंद पाडतात. पण विजेच्या मोटरीचा जोर मंद गतीतही टिकत असल्याने ते कवच तिला थांबवीलच, असे नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. ओंडका लाकडी घोडीवर घट्ट बसवावा. दोन्ही हातांनी मुठी धराव्यात, करवत खांद्याच्या वर नेऊ नये. चष्मा, हातमोजे व जाड बूट घालावेत. साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढावी. मुले आणि पाळीव प्राणी अंगणाबाहेरच असावेत.

लाकडाचाही विचार हवा. साखळीचे तेल कापलेल्या लाकडावर उडते. म्हणून स्वयंपाकाच्या लाकडासाठी तेथील जाणकार खनिज तेलाऐवजी खाद्यतेल वापरतात. ओक, हिकोरी, पेकन आणि आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण मेस्किट ही लाकडे धुरासाठी चालतात. राळयुक्त पाइन, रंगवलेले वा रसायनात मुरवलेले लाकूड वर्ज्य. कण्हेर तर विषारीच. ती तेथे कुंपणाला सर्रास दिसते, म्हणून ओळख हवी. कापलेले लाकूड किमान सहा महिने वाळवावे, कारण ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर डोळ्यांना, फुप्फुसांना आणि चवीलाही बाधतो. भट्टी नेहमी उघड्यावरच पेटवावी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. धुरावलेले मांसही रोजचे नको. अधूनमधूनच बरे.

त्या संध्याकाळी भावाने करवत कपाटात, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवली आणि शेजाऱ्याकडून घोडी मागून आणली. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा लाकूड कापले. त्या वेळी भाची माझ्याजवळ, खिडकीच्या आत उभी होती.

वाचकहो, यंत्राचा आवाज कमी झाला, की आपली सावधगिरी मात्र वाढली पाहिजे.